पुठ्ठ्यावरची कादंबरी: लिहिण्यापासून छापण्यापर्यंतची साडेपाच वर्षं

गेल्या महिन्यात माझी पहिली कादंबरी छापून घरात येऊन पडली. घरातच पडलीय म्हणा, तीनशे प्रतींतल्या बऱ्याचशा अजून पलंगाखाली आहेत. तिचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल. लिहून झाल्यावर पुढं काय करायचं हे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धंच सांगितलं. म्हणून तारखा, खर्च आणि चुका लिहून ठेवतेय.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि एक्स्पोर्टचे कागद बघते. मराठीत एम. ए. वगैरे काही नाही, बी. कॉम. आहे.

सुरुवात एप्रिल २०२० ची. २४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं. काय ते दुपारी कळलं. मागांचा आवाज थांबला होता. अशोक चौकाच्या मागं आमचं घर, आजूबाजूला यंत्रमाग. जन्मापासून तो खडखडाट कानात, इतका की तो आहे हेच कळत नाही. तो बंद झाल्यावर शेजारच्या तेलुगू आजी दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "झोप लागंना गं." मलाही लागत नव्हती. रात्री जागून मी कारखान्यातल्या जुन्या रद्द बिलांच्या पाठीमागं लिहायला लागले.

विषय डोक्यात आधीपासून होता. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणसं धरली जायची. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं गेलं. शाळेत असताना दर वर्षी आम्हाला 'चार पुतळा' इथं, या चौघांच्या पुतळ्यांपाशी, नेत. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, ही गोष्ट मला खूप उशिरा कळली आणि तीच मनात अडकून राहिली. तर तेव्हाच्या संचारबंदीतली एक गिरणी कामगारीण आणि २०२० च्या संचारबंदीतली तिची पणती, अशी दोन घरं मी लिहायला घेतली.

लिहिताना लाज वाटायची, हे सांगायलाच हवं. बाहेर रोज आकडे येत होते. गल्लीतली दोन माणसं गेली, त्यातल्या एकांच्या तिरडीला चारच जण. बिडी वळणाऱ्या बायकांना तंबाखू-पानं मिळत नव्हती, म्हणजे चूल बंद. आणि मी रात्री एक वाजता पंख्याखाली बसून काल्पनिक बाईच्या नाकातल्या मोरणीचं वर्णन करतेय. दोनदा कागद बांधून माळ्यावर टाकले. दोन्ही वेळा आठवड्याभरात काढले. का काढले याचं काही थोर उत्तर माझ्याकडं नाही. न लिहिता बसलं की मी फोन बघत बसायचे आणि फोन बघून जास्त वाईट वाटायचं, एवढंच.

२०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत कागदांचा नुसता भारा झाला होता. कुठला प्रसंग कुठं, काही कळेना. तेव्हा मामा मदतीला आला, तोही नकळत.

मामानं उमेदीची सगळी वर्षं चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पुठ्ठे पाडण्यात घालवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चादरीवरचं नक्षीकाम आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. ते बघून लांबट, अरुंद पुठ्ठ्यांवर भोकं पाडायची. आडव्या धाग्याच्या एका ओळीला एक पुठ्ठा. ते सगळे पुठ्ठे दोरीनं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असलं की सुई आत जाते, तिचा हुक उभा धागा उचलतो; भोक नसलं की धागा खालीच राहतो. मोराचा पिसारा म्हणजे शेवटी कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही, एवढाच हिशेब. फ्रान्समध्ये लियाँच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमाराला हे यंत्र उभं केलं आणि पुढं कॉम्प्युटरला जी भोकांची कार्डं दिली जायची त्यांचं मूळ इथंच आहे, हे मला कादंबरीमुळं कळलं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मग त्या कॉम्प्युटरनं मलाच घरी बसवलं की!" खरंच बसवलं. डिझाइन स्क्रीनवर आली, माग इलेक्ट्रॉनिक झाले, पुठ्ठ्यांचं काम संपलं.

त्याच्या खोलीत जुन्या पुठ्ठ्यांच्या दोन माळा पडल्या होत्या. धूळ झटकून मी एक मागून घेतली. एका पुठ्ठ्यावर एक प्रसंग, एकाच ओळीत. जास्त मावतच नाही, शिवाय मधेमधे भोकं. "राधव्वा टोपी पिठाच्या डब्यात लपवते" लिहिताना 'डब्यात'चा 'ब्या' भोकात गेला. चौसष्ट पुठ्ठे झाले. प्रसंगाची जागा बदलायची तर दोरी सोडायची, पुठ्ठा काढायचा, दुसरीकडं ओवायचा. दोरी सोडण्याचा इतका कंटाळा यायचा की उगाच कुठला प्रसंग हलवलाच नाही. कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी मोबाइलमध्ये किती तरी ॲप आहेत, मी दोन वापरून बघितली. त्यात प्रसंग बोटानं सरकवता येतात, म्हणून मी दिवसभर सरकवतच बसायचे.

२०२२ च्या दिवाळीत हातानं लिहिलेला पहिला खर्डा संपला. पुढं टायपिंग. डीटीपीवाल्याला, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देणाऱ्याला, हातानं लिहिलेलं दिलं तर पानाचा दर दुप्पट होतो, म्हणून स्वतःच करायचं ठरवलं. फोनवर बोलून टाइप होतं हे भाच्यानं दाखवलं. मराठी बऱ्यापैकी ऐकतो तो फोन. पण आमच्या धंद्यातले शब्द त्याला कुणी शिकवले नसावेत. 'धोटा' (मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो) म्हटलं की 'छोटा' लिहायचा. धोट्यात घालायची आडव्या धाग्याची 'कांडी', तिचं दर वेळी 'गांधी'. एका पानावर "तिनं छोट्यात गांधी भरली" असं वाक्य तयार झालं, आणि कादंबरी १९३० सालची असल्यामुळं दुसऱ्या वाचनातही ते माझ्या नजरेतून सुटलं.

इथं कामाची गोष्ट एकच: दर रविवारी फाइल स्वतःलाच ईमेल करा. मी करत नव्हते. मे २०२३ मध्ये फोन पाण्याच्या पिंपात पडला. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळं घरभर पिंपं. अकरा पानं गेली. ती पुन्हा लिहिली, पण आधीची जास्त चांगली होती असं मला अजून वाटतं.

आता त्या एआयबद्दल. तेव्हा ऑफिसात सगळेच चॅटबॉटकडून इंग्रजी ईमेल लिहून घ्यायला लागले होते. मीही घ्यायचे, अजूनही घेते, बायरला पाठवायच्या पत्रांना तो फार उपयोगी. एका रात्री सत्तेचाळिसावा प्रसंग काही केल्या जमेना. लॉकडाऊन उठल्यावर पणती पहिल्यांदा माग सुरू करते, तो. मी त्याला मराठीत सगळं समजावून सांगितलं आणि लिही म्हटलं. वीस सेकंदांत दीड पान. वाचून छातीत धस्स झालं, कारण वरवर चांगलं होतं. माझ्या तीन वर्षांच्या रात्री आणि ह्याचे वीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. त्यातल्या सोलापुरात मे महिन्यात गार वारा सुटला होता. पणतीच्या डोळ्यांत दर चार ओळींनी 'आशेचा किरण' यायचा. मग परीक्षा म्हणून चार हुतात्म्यांना कुठं फाशी दिलं ते विचारलं. त्यानं बिनदिक्कत सोलापूरच्या तुरुंगात म्हणून सांगितलं. येरवड्यात दिलं, हे इथलं पाचवीतलं पोरगंही सांगेल. चूक दाखवल्यावर त्यानं लगेच माफी मागितली. राग आला तो त्या माफीचा. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी मामाकडं गेले. तो अंगणात शेंगा फोडत होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भोकं पाडायला मशीन आलं तेव्हा मी महिनाभर नुसता बघत बसायचो. माझ्यापेक्षा चांगलं पाडायचं, खोटं कशाला बोलू. पण चुकलं तर कळायचं नाही त्याला. माझ्या हातून एक भोक जास्त पडलं की हात थांबायचा. कागदाची चिकटी लावून बुजवायचो, पुन्हा पाडायचो. मशीनवर चुकीचं डिझाइन गेलं अन् चारशे चादरी तशाच निघाल्या."

मी त्या दीड पानातलं सगळं पुसलं. एक वाक्य मात्र ठेवलं. ते का ठेवलं आणि त्याचं पुढं काय झालं, ते शेवटी येईल.

३ मार्च २०२४ ला टायपिंग संपलं. पुढचं सगळं कागदपत्रांचं.

प्रकाशकांना पाठवण्याआधी कॉपीराइटची नोंदणी केली. ही सक्तीची नाही. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. नोंदणी म्हणजे उद्या भांडण झालं तर दाखवायला पुरावा. मला भीती वाटत होती म्हणून केली. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४, साहित्यकृतीसाठी फी ५०० रुपये. पैसे भरल्यावर लगेच डायरी नंबर मिळतो, तो जपून ठेवा. त्यानंतर तीस दिवस थांबावंच लागतं, त्या काळात कुणी हरकत घेऊ शकतं. माझ्या कादंबरीवर हरकत घ्यायला जगाला माहीत कुठं होतं, पण तीस दिवस म्हणजे तीस दिवस. १२ एप्रिलला अर्ज केला आणि जुलैत त्रुटीचं पत्र आलं. पोटात गोळा. चूक माझीच निघाली. अर्जात कादंबरीचं नाव एक आणि पीडीएफच्या पहिल्या पानावर दुसरं. मधल्या काळात मी नाव बदललं होतं आणि विसरले होते. दुरुस्त करून पाठवलं, नोव्हेंबरात दाखला आला. एजंट याचे पाच-सहा हजार सांगतात. शांतपणे बसलात तर दीड तासाचं काम आहे.

दरम्यान तीन प्रकाशकांकडं हस्तलिखित गेलं होतं. एकाचं उत्तर आजतागायत नाही. दुसऱ्यानं चार महिन्यांनी दोन ओळींत नकार कळवला. तिसऱ्यानं भेटायला बोलावलं. ऑगस्टमध्ये सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले. गाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्यांच्यावरचीच कादंबरी पिशवीत घेऊन मी खिडकीत बसले होते. भिगवण येईपर्यंत हे मला फार शुभ वाटत होतं. प्रकाशकाकडं चहा मिळाला, कौतुक झालं आणि मग कळलं की ऐंशी हजार माझे, पुस्तक त्यांचं, आणि मला पन्नास प्रती. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांसमोर तासभर नुसती फिरले. काही विकत घेतलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत.

राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, ती फक्त पहिल्या पुस्तकासाठी असते. मला कळलं तोवर अर्जाची मुदत उलटून गेली होती. पुढच्या वर्षी थांबण्याचा धीर नव्हता. तुमच्याकडं असेल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि त्याआधी स्वतः छापून बसू नका. पहिलं पुस्तक एकदाच येतं.

मार्च २०२५ मध्ये स्वतःच काढायचं ठरवलं. भिशी लागली होती, ४०,००० ची. घरात कुणाला आधी सांगितलं नाही.

डीटीपीवाल्या दादांनी माझी युनिकोड फाइल त्यांच्या छपाईच्या फॉन्टमध्ये रूपांतरित केली आणि सगळे अर्धे र मोडले. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'कोऱ्या'चं 'कोर्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. कारण असं की हा र युनिकोडमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो सारखाच, आतून वेगळा. मी फोनवर एका तऱ्हेनं केला होता, लॅपटॉपवर दुसऱ्या. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला एकच ओळखता येत होता. आधी पाच पानं नमुना म्हणून रूपांतरित करून घ्या आणि त्यात 'ऱ्या', 'ऱ्ह', 'ॲ' आणि 'ङ्म' असलेले शब्द मुद्दाम घाला. मी सगळी २३२ पानं एकदम दिली होती. तीन प्रुफं काढली आणि जून गेला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, फुकट मिळतो. याचे पैसे मागणारी माणसं भेटतात म्हणून ठळकपणे सांगतेय. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्ता, मुखपृष्ठ वगैरे लागतं. मला तीन आठवडे लागले, त्यातला एक माझ्या अंधूक स्कॅनमुळं.

छपाई पुण्याला दिली आणि ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेचा पन्नास टक्के टॅरिफ लागला. आमच्या दोन ऑर्डरी थांबल्या. तयार टॉवेलचे गठ्ठे गोदामात, रात्रपाळी बंद. मालक काही बोलत नव्हते, त्यानंच जास्त भीती वाटत होती. पगार होईल की नाही माहीत नाही आणि मी ३३,००० रुपये छपाईला देऊन बसलेले. त्या आठवड्यात मी छापखान्याला फोन करून काम थांबवता येईल का विचारलं होतं. पानांचे फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच, मशीनवर चढले होते. थांबवता आलं असतं तर मी थांबवलं असतं.

पुस्तकं सप्टेंबरच्या शेवटी निघायची होती आणि सीना नदीला महापूर आला. महामार्गावर पाणी, वाहतूक अडलेली, नदीकाठच्या गावांतली माणसं शाळांमध्ये. ट्रान्सपोर्टवाल्याला 'माझी पुस्तकं कुठायत' असं विचारायचं मला धाडस झालं नाही. आमच्या कारखान्यातून पूरग्रस्तांना टॉवेल आणि चादरी गेल्या, त्यांची यादी मीच केली. ४ ऑक्टोबरला सहा गठ्ठे आले. कोरडे.

हिशेब असा: डीटीपी ६,९६०, मुद्रितशोधन ३,४८०, मुखपृष्ठ ४,०००, तीनशे प्रतींची छपाई ३३,०००, ट्रान्सपोर्ट ६५०, कॉपीराइट ५००. एकूण ४८,५९०. मेहनताना धरलेला नाही, धरला तर रडू येईल.

आणखी एक काम बरेच जण विसरतात. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईच्या एशियाटिकमधलं सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. रजिस्टर पोस्ट ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळं चारही स्पीड पोस्टानं पाठवली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "कोलकात्यात कोण वाचणार मराठी?" मी म्हटलं, "कपाटात तर राहील." त्यांनी एक प्रत विकत घेतली. माझी पहिली विक्री तीच. नंतर सव्वाशेक गेल्या, बहुतेक ओळखीत.

मामाला पहिल्याच दिवशी दिली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मग त्यानं वाचायला घेतली, रोज दोन पानं, बोट ठेवून. परवा फोन आला. "पान एकशे सतरा काढ."

काढलं. सत्तेचाळिसावा प्रसंग. "चालत्या मागाच्या धोट्यात तिनं नवी कांडी भरली आणि खडखडाट अखंड राहिला."

"चालत्या मागात कांडी कशी भरली गं तिनं? हात ठेवलाय का घरी?"

आमच्या गल्लीतल्या साध्या मागावर कांडी संपली की माग थांबवावा लागतो, धोटा बाहेर काढावा लागतो. हे मी जन्मापासून बघतेय. तेच ते ठेवलेलं वाक्य होतं. लयीत फार छान होतं, म्हणून ठेवलं. तीन प्रुफांत, मुद्रितशोधकाच्या आणि माझ्या, चार डोळ्यांखालून गेलं.

शिल्लक प्रती एकशे अडुसष्ट होत्या. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, ९० रुपये. "तिनं माग थांबवला, धोटा काढला, नवी कांडी भरली." वाक्य जरा खडबडीत झालंय, मापात बसवायला दोनदा कापावं लागलं. मामा रोज संध्याकाळी येतो. मी पान उघडून धरते, तो खळीचं बोट फिरवून चिठ्ठी ओळीवर बसवतो आणि अंगठ्यानं दाबतो. त्याचा हात अजून सरळ आहे. कालपर्यंत शहाऐंशी झाल्या.